बाटली बाळाला देऊन टाका

लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं काम केलं. डॉक्टर म्हणून नाही. डॉक्टरांच्या डाव्या हाताला उभी राहून लाळ ओढायची नळी धरणारी, हत्यारं वाफवून पुड्यांत बांधणारी आणि बाहेर रडणाऱ्या पोरांशी बोलणारी जी बाई असते, ती मी. कोणी मला सिस्टर म्हणायचं, कोणी ताई. पैठण गेटजवळचे एक आजोबा नातवाला घेऊन यायचे, ते ‘कंपाउंडरीणबाई’ म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या डॉक्टर फरहाना मॅडमनी दवाखाना बंद केला. त्यांची मान धरायची. बोटं थरथरायला लागायच्या आधी थांबलेलं बरं, असं त्या म्हणाल्या. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला, बांगड्यांच्या दुकानावरचा तो दुसरा मजला आता एका शिकवणीवाल्यानं घेतलाय. परवा खालून जाताना वरून पोरांचा गलका आला. मी सवयीनं जिन्याशी थांबून कान दिला, रडतंय का कोणी म्हणून. कोणी रडत नव्हतं. पाढे चालले होते.

अशा आठवणी दिवाळी अंकात निवृत्त माणसं लिहितात. मी बत्तीस वर्षांची आहे. पण मी जिथं काम केलं ती जागाच निवृत्त झाली, आणि तिच्या वतीनं लिहायला दुसरं कोणी नाही.

आधी माझ्या एका खोडीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. आमच्या छावणीतल्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा जयंतीला, सभेला, संपाला जायचे आणि येताना खिशात घडी केलेली पत्रकं आणायचे. गुलाबी, पिवळी, हिरवी. मी बाराखडीनंतर वाचलं ते तेच. त्यामुळं जगातली कुठलीही अडचण एका पानावर, ठळक अक्षरांत आणि हुकमाच्या भाषेत मांडली की निम्मी सुटते, अशी माझी पक्की समजूत झाली. दवाखान्यात लागल्यावर पहिल्या वर्षातच मी पत्रक लिहिलं. ‘मातांनो, जागे व्हा!’ असं त्याचं डोकं होतं. मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, “ये माँ के लिए लिखा, या बच्चे के लिए?”

“समाजासाठी,” मी म्हणाले.

“अच्छा,” त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

लिहिण्यासारखं होतंही खूप. दुधाचे दात वीस. ‘पडणारच आहेत, मग कशाला त्यांचे लाड?’ हे वाक्य मी नऊ वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की कोणी तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू यायचं. शिकलेल्या माणसांकडूनही. मास्तरांकडून, एका वकिलाकडूनही. अहो, पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, खरं आहे. पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत तोंडात असतात. तोवर पोरानं जेवायचं कशानं? आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी त्या जागा धरून बसलेल्या असतात, आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरतो तशी. रुमाल उडाला की शेजारचे सरकतात आणि मागून येणारा उभा राहतो, नाहीतर वाकडा बसतो. वाकड्या दातांची निम्मी कहाणी एवढीच आहे.

आमच्याकडं काही शब्दांना बंदी होती. ‘सुई’ म्हणायचं नाही. ‘दुखणार नाही’ हे तर मुळीच नाही, कारण तीन वर्षांच्या मुलाला त्यातलं ‘दुखणार’ तेवढं ऐकू येतं. आम्ही दाढेला झोपवायचो, धुवायचो, टोपी घालायचो. हे सगळं जपून, हळू आवाजात चाललेलं असताना बाहेरच्या बाकावरची एखादी आत्या ठणकावून सांगायची, “गप बस, नायतर डॉक्टरीण दाभण टोचीन!” की आमचे वीस मिनिटांचे कष्ट पाण्यात.

मोठी माणसं पोरांपेक्षा जास्त घाबरायची. एकदा एक रिक्षावाला आला, दारात मावणार नाही असा उंचापुरा. कडेवर बहिणीचं आठ महिन्यांचं बाळ. बाळाला वरचे दोन दात आधी आले होते. वरचे आधी आले की मामाला जड जातात, असं आपल्याकडं म्हणतात, आणि हा मामा. बहीण हसत होती, तो घामाघूम. मी त्याला अंधश्रद्धेवर अर्धा तास सुनावलं. दात हिरडीतून कुठल्या क्रमानं येतात, ग्रहांचा त्याच्याशी काय संबंध, मामानंच का मरावं, आत्यानं का नको. त्यानं सगळं मान डोलावत ऐकलं. शेवटी म्हणाला, “ताई, तुमचं शंभर टक्के पटलं. पण खालचे कधी येतेल तेवढं सांगा.”

मॅडमनी बाळाच्या खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं. “हौ, हैं. रस्ते में हैं.”

तो जिना उतरला तो शीळ घालत. माझ्या अर्ध्या तासाला जे जमलं नाही ते त्या एका बोटाला जमलं. तेव्हा मला त्याचा रागच आला होता. आता तो रिक्षावाला आठवला की हसू येतं.

आता आरूचं सांगते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांत नुकतीच झाली होती. संक्रांतीनंतरचा पंधरवडा आमच्याकडं तोबा गर्दीचा. सकाळी जिन्यातून आवाज आला म्हणून मी डोकावले. नवव्या पायरीवर एक बाई बसून दम खात होती, आठवा महिना. तिच्या मागं तिची सासू, आणि सासूच्या पदराला धरून साडेतीन वर्षांची मुलगी. उजवा गाल टम्म. बाईचं नाव रेखा, मुलगी आरू. बिडकीनहून काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आल्या होत्या.

एवढ्या लहान मुलाचं तोंड बघायची आमची एक पद्धत होती. आईला एका स्टुलावर बसवायचं, समोरच्या स्टुलावर मॅडम, गुडघ्याला गुडघा लावून. मूल आईकडं तोंड करून तिच्या मांडीवर, आणि मग हळूच मागं आडवं करायचं, म्हणजे डोकं मॅडमच्या मांडीवर येतं. मुलाला वर आईचा चेहरा दिसत राहतो. रडतं, पण भेदरत नाही. एवढ्यात मॅडम सगळं बघून घ्यायच्या.

रेखा स्टुलावर बसली आणि आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. मांडी होतीच कुठं? गुडघ्यापर्यंत पोट.

“मी घेते,” सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचे गुडघे वाकेनात. मग मी बसले. परक्या बाईच्या मांडीवर आरूनं असा टाहो फोडला की खालच्या दुकानात बांगड्या भरणारी बाई हात सोडून वर बघायला लागली. मॅडमनी रडताना उघडलेल्या तोंडात बॅटरी मारून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. समोरचे वरचे चार दात झिजून तपकिरी खुंट झालेले. खालची उजवी दाढ आतून सडून पू झालेला.

“रात को क्या पीती?”

रेखा खाली बघत राहिली. सासूबाईंनी सांगितलं, “चहा. बाटलीत. रातभर चोखती. हिला दुसऱ्यांदा दिवस गेले मंग अंगावरचं तोडलं. लई रडली. मंग बाटली धरली.”

“आणि सुजलं त्याला काय केलं?” मी विचारलं.

“काय करायचं, मिसरी दाबली.”

साडेतीन वर्षांच्या मुलीच्या हिरडीवर भाजलेला तंबाखू. मी तोंड सोडलं. सासूबाई शांतपणे ऐकून घेत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी ओठ वर करून मला आपले दात दाखवले. काळे, पण बत्तीसच्या बत्तीस. “चाळीस साल लावती. एक पडला का? मोज.”

मॅडमनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि रेखाला समजावून सांगितलं. पाच दिवस औषध, सूज उतरेल. पण सूज उतरली म्हणजे दाढ बरी झाली असं नाही, पू पुन्हा भरणार, आणि खाली पक्क्या दाताचा अंकुर आहे. तीन बैठका लागतील. दाढ आतून साफ करायची, औषध भरायचं, वर स्टीलची टोपी. पुढच्या खुंटांचं नंतर बघू. आणि हे सगळं बाळंतपणाच्या आधी, कारण एकदा बाळ झालं की सव्वा महिना ही घराबाहेर पडणार नाही आणि आरूकडं बघायला कोणाला फुरसत होणार नाही.

मॅडम हात धुवायला आत गेल्या. मी रेखाच्या हातात माझं पत्रक दिलं. त्यातलं चौथं कलम, मी नंतरच्या छपाईत घातलेलं, मला फार आवडायचं: ‘रात्रीची बाटली आजच बंद करा. घरात बाळ येणार असेल तर थोरल्याला सांगा, तू आता मोठा झालास, बाटली बाळाला देऊन टाक!’ मी खाली वाकले आणि ते कलम आरूला तोंडी सांगितलं. “आरू, बाळ येणार ना आपल्याकडं? मग तू कोण होणार? मोठी ताई. मोठ्या ताया बाटली पितात का? नाही ना? मग ही बाटली आपण बाळाला देऊन टाकू हां.”

सासूबाईंना हे एकदम पसंत पडलं. त्यांनी पुढची ओळ स्वतः जोडली. “बाळ आलं की आई बी तुला घेनार नाय. मंग बघ.”

 आरूनं बाटली कुशीत घट्ट धरली आणि जिना उतरताना एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, पटलं पोरीला.

सहाव्या दिवशी त्या परत आल्या. गाल उतरला होता, पण आरूचे ओठ मिटलेले. आमच्याकडं मिटले तर त्यात नवल नाही. रेखा म्हणाली, चार दिवस घरीही तसेच आहेत. ब्रश नाही, भाकर नाही, ओठांतून पेज तेवढी ओढून घेते. बोलणंही बंद. बाटली तिनं स्वतःच उचलून हौदात टाकली.

“आन् परवा,” रेखानं पोटावर हात ठेवला, “परवा मी झोपले व्हते ताई, तं पोटावर लाथ मारली हिनं.”

“मंग म्या दोन ठिवून दिल्या,” सासूबाई म्हणाल्या. “काय करावं मंग? आमचं ठरलंय. हिला पिशोरला धाडायचं, रेखाच्या आईकडं. बाळंतपन होऊ दे, बाळ जरा मोठं होऊ दे, मंग आनू. जिवाला धोका नको.”

म्हणजे दाढ तशीच राहणार. सूज परत येणार, ती पिशोरला, आणि तिथं कोणी काय दाबेल कुणास ठाऊक. आणि या पोरीच्या डोक्यात कायमचं हे बसणार की बाळ आलं आणि मला घरातून काढलं. मला हे सगळं त्या क्षणी लख्ख दिसलं. आणि तरी मी काय केलं? तिच्याजवळ जाऊन लाडीक आवाजात म्हणाले, “आ कर बाळा, तू मोठी ना?” आणि बोट ओठाशी नेलं.

ती चावली. खुंट झालेल्या दातांनी नाही, मागच्या चांगल्या दाढांनी. मग बोट सोडून चार दिवसांतलं पहिलं वाक्य बोलली. “मला मोठं नाय व्हायचं.”

मॅडमनी माझ्या बोटाला पट्टी बांधता बांधता विचारलं, “इसको क्या बोले थे तुम?” मी सांगितलं. पत्रक दाखवलं. त्यांनी चौथं कलम वाचलं, दोनदा वाचलं. मी नऊ वर्षांत त्यांना रागावलेलं पाहिलं नाही, तेव्हाही नाही. “आई का दूध गया. गोद बी गई. बोतल थी, वो बी तुम ले लिए. और सब किसको मिला बोले? बाळ को.” त्यांनी पट्टीची गाठ मारली. “मैं बी काटती सुजाता. और एक बात. नये बाळ को बोतल किसलिए? उसकू माँ का दूध है ना?”

हे दुसरं तर माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मीच दर अंगणवाडीत सांगत फिरायचे की तान्ह्याला बाटली देऊ नका, आणि माझ्याच पत्रकात ठळक अक्षरांत वापरलेली, चहानं पिवळी पडलेली बाटली नव्या बाळाला भेट द्या म्हणून छापलं होतं. तीन वर्षं ते वाटलं जात होतं. कोणी हटकलं नव्हतं. हुकमाच्या सुरात लिहिलेलं माणसं मुकाट वाचतात. त्यातली चूक दाखवायला पुढं कोणी येत नाही. हे मला आता कळतं. घरात पत्रकं वाचून मोठं होताना कळायला हवं होतं.

मॅडमनी रेखाला बसवलं. आरूला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात चार गोष्टी सांगितल्या. बाटली परत द्यायची, धुऊन, साधं पाणी भरून.

“मॅडम, आपणच बंद करायला सांगितली ना,” मी न राहवून म्हणाले.

“चाय बंद. बोतल का बाद में देखेंगे.”

‘मोठी’ हा शब्द घरात काढायचा नाही. बाळासाठी हे सोड, बाळासाठी ते कर, असं कोणी म्हणायचं नाही. गल्लीतल्या बायका ‘आता तुझी मजा संपली गं’ म्हणून चिडवतात, त्यांना थांबवायचं. आणि रोज अर्धा तास रेखा आणि आरू, तिसरं कोणी नाही. “गोद नहीं है तो पीठ है ना? तुम करवट पे लेटो, वो पीछे से चिपकेगी.”

“आन् पिशोर?” सासूबाईंनी विचारलं.

रेखानं तोवर एकदाही सासूचा शब्द मोडला नव्हता. ती पदर सावरत म्हणाली, “पंधरा दिस थांबा आत्या. नाय जमलं तं मीच सोडून येईन.”

सासूबाई तिच्याकडं बघत राहिल्या. “सोडून येती म्हनं. जिना चढवंना हिला,” असं पुटपुटल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

“और पप्पा किधर है?” मॅडमनी विचारलं.

आरूचा बाप संदीप बिडकीनच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात पाळीवर होता. लेकरू दवाखान्यात नेणं हे बायकांचं काम, त्यामुळं त्याला यायला कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला फोन लावला. म्हटलं, तुमची मांडी लागणार आहे. तो म्हणाला, काय लागणार आहे? मी पुन्हा सांगितलं. मागं मशीनचा आवाज चालू होता. मग म्हणाला, “गुरुवारी सुट्टी असती मला.”

गुरुवारी आला. पायात कंपनीचे जाड बूट, तेही आमच्या दारात नीट जोडीनं काढून ठेवलेले. आरूला त्यानं असं धरलं होतं, जसं कोणी दुसऱ्याच्या घरची काचेची बरणी धरतं. मला हळूच म्हणाला, “ताई, हिला मांडीवर घेऊन बसल्याचं मला आठवत नाय. मी येतो तवा झोपल्याली असती, नायतर मी झोपल्याला.” पण त्या आठवड्यात त्यानं एक केलं होतं. मॅडमनी सांगून पाठवल्याप्रमाणं पाळीवरून आल्यावर रोज आरूच्या मागं उभा राहून, तिचं डोकं आपल्या पोटाला टेकवून, वाटाण्याएवढी पेस्ट लावून दात घासायला घेतले होते. पहिले दोन दिवस ओठांवरूनच ब्रश फिरला. तिसऱ्या दिवशी तिनं पुढच्या दातांपुरती फट दिली.

आम्ही त्याला खुर्चीत आडवा केला आणि आरूला त्याच्या छातीवर. मॅडम प्रत्येक गोष्ट आधी त्याच्या बोटावर करून दाखवायच्या. हवा, पाणी, गार कापूस. आरू तोंड मिटून नजरेनं सगळं तपासत होती. मग दाढेला झोपवायची वेळ आली. मी ट्रे आडोशाला ठेवला होता, पण संदीपला तो दिसला. कारखान्यात लोखंड कापणाऱ्या त्या गड्यानं डोळे गच्च मिटले, कपाळावर घाम. आरूनं मान वळवून बापाचा चेहरा पाहिला. तिला फारच मजा वाटली.

“पप्पा घाबरला,” ती मला म्हणाली. मलाच. बोट चावल्यानंतर पहिल्यांदा.

“खूपच घाबरलेत,” मी म्हणाले. “काय करायचं?”

तिनं त्याचा अंगठा मुठीत धरला आणि त्याला धीर देण्यासाठी, असं मी आजही मानते, तोंड उघडलं. मॅडमचे हात कधी आत गेले आणि कधी बाहेर आले ते तिला समजलंही नाही. बापाला समजलं. दाढ उघडली तसा त्या घाणीचा वास आला आणि तो म्हणाला, “एवढं घेऊन हिंडत व्हती ही?” 

दुसरी बैठक पुढच्या गुरुवारी झाली. पिशोरचं नाव निघालं नव्हतं. बाटलीत पाणीच आहे म्हटल्यावर आरूनं ती दोन रात्री जवळ ठेवली आणि मग कुठं पडली ते विसरून गेली.

मधल्या दिवसांत मी दवाखान्यातली उरलेली पत्रकं काढली आणि काळ्या पेननं प्रत्येकावरचं चौथं कलम खोडलं. वाटून झालेली मात्र गेली ती गेलीच. दोन रविवार मी बिडकीनच्या आजूबाजूच्या अंगणवाड्या फिरले. एका ठिकाणी ते दाराशेजारी खळीनं चिकटवलेलं होतं. मी नखांनी खरवडायला लागले तशी तिथल्या बाई म्हणाल्या, “अहो राहू द्या की, चांगलं लिहिलंय कुणीतरी.” मी म्हटलं, मीच लिहिलंय, म्हणूनच काढतेय. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला. बाकीच्या गावांत कुठं कुठं ते अजून भिंतीवर असेल. हा लेख त्या गावांपर्यंत पोचला तर बरं.

तिसरी बैठक टोपीची. त्या सकाळी मी दार उघडलं तर संदीप आरूला मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला. रेखाला पहाटे कळा सुरू झाल्या होत्या आणि शहरातल्याच एका दवाखान्यात आणलं होतं. पंधरा दिवस बाकी होते अजून. बहीण आणि आई आत होत्या, त्याला बाहेर उभं केलेलं.

“रेखाच म्हणली,” तो म्हणाला. “इथं उभं राहून काय करता, आरूची दाढ करून आना. आज राहिली तं राहिलीच.”

टोपी बसवायला फार वेळ लागत नाही, पण ती चिकटेपर्यंत मुलानं कापसाच्या गुंडाळीवर दात दाबून काही मिनिटं शांत राहायला लागतं. ती मिनिटं चालू होती. आरू बापाच्या छातीवर उताणी, डोळे छताला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याच्या बहिणीचा आवाज एवढा खणखणीत की आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. “दादा, पोरगा झाला. दोघं बी चांगले हायेत.”

संदीपचं तोंड उघडं राहिलं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं, फोन त्याच्या हातातून घेतला आणि खिडकीशी गेल्या. त्यांचं बोलणं मला तुटक तुटक आलं. “...मुबारक... सुनो, आरू आ रही है. वो आएगी तब बाळ को बाजू में रखना, पाळण्यात. नहीं, तुम्हारी गोद में बी नक्को, सबके सामने दिखाने का नहीं. रेखा के हाथ खाली होना. समझे? खाली हाथ.”

मॅडम परत आल्या, कापूस काढला, टोपी तपासली. आरूनं आरसा मागितला. खालच्या ओळीत चांदीसारखी दाढ. ती जिभेनं चाचपत राहिली.

आता तिला सांगायचं होतं. मी चूक केली होती, तेव्हा दुरुस्तीही मीच करावी असं मला वाटलं. मनात वाक्यंही तयार झाली होती, छान, नेमकी. मी तोंड उघडणार तोच मॅडमनी माझ्याकडं पाहून मान हलवली. मी थांबले. त्या नऊ वर्षांत मी न बोलता केलेलं ते बहुधा सगळ्यात चांगलं काम.

संदीपनं तिला उठवून मांडीवर बसवलं. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

“आरू, आपल्याला आईकडं जायचंय. दमलीय ती.”

“कामून?”

“बाळ झालंय. तिथंच हाय ते. रडत असंल.”

आरूची जीभ दाढेवर.

“आई माझी वाट पाहती का?”

“व्हय तं.”

“का बाळाची?”

“बाळ तं आलं ना. आता तूच राहिली यायची.”

तिनं यावर विचार केला. “मंग चल,” म्हणाली, आणि बुटांकडं बोट केलं.

ते दोघं गल्लीतून जाईपर्यंत मॅडम आणि मी खिडकीत उभ्या होतो. बाहेर पेशंट ताटकळले होते, तरी. पुढं काय झालं ते आम्हाला कळायला आठ दिवस लागले. गुरुवारी संदीप एकटाच आला, पेढे घेऊन. मॅडमनी पहिलं तेच विचारलं.

तो सांगत होता आणि सांगताना मधेच थांबत होता. रेखा पलंगावर टेकून बसली होती. बाळ पाळण्यात. त्याच्या बहिणीनं उचलून दाखवायला हात पुढं केला होता, तो रेखानंच अडवला. दारातून आरू दिसली तशी रेखानं दोन्ही हात पुढं केले, मोकळे. आरू दारातच थांबली. तिनं आधी हात पाहिले. मग पाळणा पाहिला, मग परत हात. मग पळत गेली ती आईच्या मांडीत शिरली. कित्येक महिन्यांनी मांडी परत आली होती. बराच वेळ तिनं तोंड वर केलंच नाही. केलं तेव्हा आ करून आईला टोपी दाखवली. सगळ्या वॉर्डातल्या बायकांना दाखवली. आजीला तर बोट लावून बघायला लावलं.

“आणि बाळाला?” मी विचारलं.

“नाय,” संदीप म्हणाला. “ते झोपल्यालं व्हतं. तिनं वाकून पाह्यलं. म्हणली, उठल्यावर दाखविते.”